मुसीच्या अलीकडे, मुसीच्या पलीकडे : हैदराबादच्या मोहल्ल्यांची ओळख

नांदेड, लातूर, बिदर, कलबुर्गी, सोलापूर या पट्ट्यातल्या माणसाला हैदराबाद परकं नाही. कुणाचं दवाखान्याचं काम असतं, कुणाची पोरं तिथे शिकायला असतात, कुणाचा जावई माधापूरच्या कंपनीत असतो. तरीही बहुतेकांनी पाहिलेलं हैदराबाद म्हणजे चारमिनार, सालारजंग संग्रहालय, बिर्याणी आणि परतीची गाडी.

प्रत्यक्षात हे शहर एकसारखं नाही. नदीचा एक पूल ओलांडला की भाषा बदलते, चहाची चव बदलते, सण बदलतात, दुकानांच्या पाट्या बदलतात. यामागे इतिहास आहे. इथला जवळपास प्रत्येक जुना मोहल्ला कुणीतरी आणून वसवलेल्या माणसांचा आहे. सैनिक, सावकार, दफ्तरातले कारकून, रेल्वेचे कामगार आणि आता संगणक अभियंते, सगळे असेच आले. ज्या कामासाठी ते आले ते काम पुढे संपलं, तरी मोहल्ला राहिला. मराठी माणसाचा मोहल्लाही त्यातलाच एक. तो कसा बनला आणि आज कोणत्या वळणावर आहे, हे बाकीच्या शहरासोबतच समजून घ्यावं लागतं.

शहर कसं वाढलं

कुतुबशाहीची राजधानी आधी गोवळकोंड्याला होती. किल्ल्यात दाटी झाली तशी वस्ती मुसी नदीकडे सरकू लागली. 1578 मध्ये नदीवर पूल झाला, तोच आजचा पुरानापूल. 1591 मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने चारमिनार उभारून नदीच्या दक्षिणेला नवं शहर वसवलं. 1687 मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला आणि 1724 पासून आसफजाही, म्हणजे निजामांची सत्ता सुरू झाली. निजामांची राजधानी आधी औरंगाबादला होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हैदराबादला आली आणि तिच्यासोबत दफ्तर सांभाळणारी मराठी घराणीही आली.

पुढे इंग्रजांची रेसिडेन्सी नदीच्या उत्तरेला आली. 1806 मध्ये हुसेनसागर तलावाच्या पलीकडल्या इंग्रजी छावणीला निजाम सिकंदरजाहच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळालं. असं हे शहर तीन तुकड्यांत वाढत गेलं : तटबंदीतलं निजामाचं शहर, रेसिडेन्सीचे बाजार आणि छावणी. तिन्हीकडे कायदा वेगळा, कोतवाल वेगळा.

28 सप्टेंबर 1908 च्या मुसीच्या महापुराने मोठी उलथापालथ केली. हजारो माणसं दगावली, नदीकाठचे मोहल्ले वाहून गेले. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आलं. पूर रोखण्यासाठी वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. 1912 मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं, रस्ते रुंद झाले आणि ऐपत असलेली कुटुंबं हळूहळू उत्तरेकडे सरकली. शहराचा तोल तेव्हापासून उत्तरेकडे झुकला, तो आजही त्याच दिशेने झुकतो आहे.

जुनं शहर : एका भिंतीआड अनेक गावं

तटबंदीला एकेकाळी अनेक दरवाजे होते. आता दबीरपुरा आणि पुरानापूल हे दोनच उरलेत. "जुनं शहर म्हणजे मुसलमानी वस्ती" असं सरसकट बोललं जातं, पण गल्लीगणिक फरक आहे. दारुलशिफा, नूरखान बाजार, दबीरपुरा हा शियांचा पट्टा. मोहरमच्या दहाव्या दिवशी दबीरपुऱ्याच्या बीबी का अलावामधून हत्तीवरून अलम निघतो तेव्हा सगळं जुनं शहर रस्त्यावर असतं. चारकमान आणि गुलजार हौज भागात सराफ आणि मारवाडी, अगरवाल पेढ्या. लाड बाजारात लाखेच्या बांगड्या, पत्थरगट्टीला मोती आणि कापड. लाल दरवाजाच्या सिंहवाहिनी महाकालीचं बोनालू इथलंच.

थोडं दक्षिणेला गेलं की बारकस लागतं. निजामाच्या फौजेत येमेनमधल्या हद्रमौतचे अरब होते. त्यांच्या बराकी इथे होत्या, 'बराक'चंच पुढे 'बारकस' झालं. इथे आजही लुंगी नेसलेले पुरुष दिसतात आणि हॉटेलात मंदी नावाचा अरबी भातमटणाचा थाळा मिळतो. एकाच मोठ्या ताटाभोवती चार-पाच जण बसून तो खातात. नांदेड, परभणी, औरंगाबादकडच्या वाचकांनी 'चाऊस' आडनाव ऐकलेलं असेल. ती मंडळी याच अरब सैनिकांच्या वंशातली. निजामाची फौज जिथे जिथे होती तिथे तिथे ती पसरली.

पश्चिमेला अत्तापूरकडे शीख छावणी आहे. महाराजा रणजितसिंगांच्या काळात आलेल्या शीख फौजेचे वंशज इथे पिढ्यान् पिढ्या राहतात. घरात पंजाबी, बाहेर दख्खनी आणि तेलुगू. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याशी त्यांचं जवळचं नातं आहे.

पुरानापूल ओलांडून उत्तरेला आलं की धूलपेठ आणि बेगम बाजार. धूलपेठेत उत्तर भारतातून आलेली लोध कुटुंबं. संक्रांतीआधी पतंग, श्रावणात राख्या, भाद्रपदाआधी गणपतीच्या मूर्ती, असं त्यांचं वर्षाचं गणित असतं. बेगम बाजार ही घाऊक पेठ. किराणा, सुकामेवा, भांडी, मसाला यांची खरेदी करायला मराठवाड्याचे आणि बिदरकडचे व्यापारी इथे जुन्या काळापासून येतात. हिशेब हिंदीत होतो, हमालांशी बोलणं तेलुगूत.

कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा : मराठी पट्टा

मराठी माणसाचं पहिलं घर मात्र जुन्या शहरातच होतं. चारमिनारच्या दक्षिणेला शालीबंडा भागात दफ्तरदार रायरायान घराण्याची देवडी होती आणि आजूबाजूला देशस्थ मराठी कुटुंबं. याच शालीबंड्यात 1895 मध्ये भारत गुणवर्धक संस्था निघाली. वाचनालय आणि सार्वजनिक गणेशोत्सव ही तिची ओळख. हैदराबादेतल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक गणपतींमध्ये इथल्या गणपतीचं नाव घेतात.

पुढे मराठी जीवनाचं केंद्र नदी ओलांडून कोठी आणि सुलतान बाजारात आलं. याचं कारण कायद्यात आहे. निजामाच्या हद्दीत सभा, संस्था, खाजगी शाळा, वर्तमानपत्र यांवर बंधनं होती. सुलतान बाजारचा भाग 'रेसिडेन्सी बाजार' म्हणून इंग्रज रेसिडेंटच्या अखत्यारीत होता. 1933 मध्ये तो निजामाकडे परत गेला. तोवर जे निजामाच्या हद्दीत अवघड होतं ते इथे त्या मानाने सोपं होतं. त्यामुळे काही फर्लांगांच्या परिसरात नवल वाटावं इतक्या संस्था उभ्या राहिल्या. 1892 मध्ये आर्य समाज. 1901 मध्ये तेलुगूंचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय. 1907 मध्ये केशवराव कोरटकर, वामन नाईक अशा मंडळींच्या पुढाकाराने विवेक वर्धिनी शाळा. मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मराठी साहित्य परिषद याही याच पट्ट्यातल्या. परिषदेचं 'पंचधारा' हे त्रैमासिक सीमेपलीकडच्या मराठी वाचकांनाही माहीत आहे.

1931 मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरलं. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. तेव्हा मराठवाडा याच राज्यात होता. तेलुगू आणि कन्नडसोबत मराठी ही या राज्यातल्या लाखो लोकांची भाषा होती, राज्यकारभार मात्र उर्दूत चाले. 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. घरात मराठी, शाळेत उर्दू, बाजारात दख्खनी आणि शेजारी तेलुगू, अशी चार भाषा बोलणारी पिढी या पट्ट्यात वाढली.

मराठी वस्ती इथे दाट होण्यामागे रेल्वेचाही हात आहे. काचीगुडा स्टेशन 1916 चं. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत येणारी मीटरगेज गाडी या बाजूला यायची. मराठवाड्यातून शिकायला, कोर्टकचेरीला किंवा नोकरीला येणारा माणूस ट्रंक घेऊन काचीगुड्याला उतरायचा आणि ओळखीच्या घरी नाहीतर जवळच्या खोलीवर टेकायचा. म्हणून काचीगुडा, बरकतपुरा, कुतबीगुडा, नारायणगुडा, इसामिया बाजार या भागांत मराठी आडनावं आजही सापडतात.

1948 च्या सप्टेंबरमध्ये निजामी राजवट संपली. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला. सीमाभागातल्या वाचकांना ही तारीख वेगळी सांगायला नको. हैदराबादच्या मराठी माणसासाठी तिचा अर्थ असा की, काल जी राज्याची एक मोठी भाषा होती ती आज एका शहरातल्या काही गल्ल्यांची भाषा झाली. बरेच नोकरदार औरंगाबाद, पुणे, मुंबईकडे गेले. जे राहिले ते घर, शाळा, ग्रंथालय आणि गणपती यांच्या आधाराने राहिले. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनीही अखेरपर्यंत हैदराबाद सोडलं नाही. 1972 मध्ये त्यांचं इथेच निधन झालं. बेगमपेठेत त्यांचं स्मारक आहे.

मराठीचा आणखी एक धागा सराफ बाजारात सापडतो. देशभरच्या सराफकट्ट्यांप्रमाणे इथेही सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं आहेत. कोठीच्या जुन्या देशस्थ वाड्यांशी त्यांचा फारसा संबंध नसतो. गाव वेगळं, बोली वेगळी, आणि गावच्या यात्रेला जाणं चुकत नाही. एकाच शहरातल्या मराठी माणसांचेही असे एकमेकांना न भेटणारे गट आहेत.

लष्कर म्हणजे सिकंदराबाद

जुन्या हैदराबादी माणसाच्या तोंडी सिकंदराबादचं नाव 'लष्कर'. पुण्यातलं लष्कर आणि ग्वाल्हेरचं लष्कर माहीत असलेल्यांना हे नाव लगेच ओळखीचं वाटेल. फौज आली की तिच्यामागे पुरवठादार, कंत्राटदार, शिंपी, पाव भाजणारे येतात. इथे मद्रासकडून तमिळ मुदलियार आले, पारशी आले, पुढे गुजराती आणि मारवाडी आले. चर्च, अग्यारी आणि महाकालीचं मंदिर एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. लालागुड्याच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबांचा वेगळाच समाज होता. त्यांचे नाच आणि नाताळ जुन्या लोकांना अजून आठवतात. फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांची वसाहतही याच बाजूला. रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले तेही इथेच, बेगमपेठेजवळ.

आषाढातलं बोनालू पाहायचं तर क्रम लक्षात ठेवावा. पहिलं गोवळकोंड्याला, मग लष्करातल्या उज्जयिनी महाकालीचं, शेवटी जुन्या शहरात लाल दरवाजाचं. डोक्यावर हळदकुंकू लावलेलं मडकं, त्यात भात, वर दिवा आणि कडुलिंबाचा पाला. मरीआईचा गाडा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मधलं शहर : ग्रंथालयं, थिएटरं आणि क्लास

नारायणगुड्यावरून चिक्कडपल्लीकडे गेलं की तेलुगू मध्यमवर्गाचं शहर सुरू होतं. त्यागराय गानसभेत संगीताच्या बैठका आणि सत्कार समारंभ होतात. आरटीसी क्रॉस रोड्सवर एका पडद्याची जुनी थिएटरं आहेत. मोठ्या नटाचा सिनेमा लागला की पहाटेपासून ढोल, फटाके आणि कटआउटला दुधाचा अभिषेक. त्याच्याच मागच्या गल्ल्यांत, अशोकनगरला, सरकारी नोकरीच्या परीक्षा देणारी तेलंगणाच्या खेड्यापाड्यांतली पोरं राहतात. एका खोलीत चौघं-पाच जण, दुपारी मेसचा डबा आणि संध्याकाळी चिक्कडपल्लीच्या ग्रंथालयात जागा मिळवायची धडपड. पुण्यातली सदाशिव पेठ किंवा इंदूरचं भंवरकुआँ पाहिलेल्यांना हे दृश्य अगदी ओळखीचं.

अबिड्सला रविवारी दुकानं बंद असतात. तेव्हा फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. नामपल्लीच्या मैदानावर दर वर्षी 1 जानेवारीपासून नुमाइश, म्हणजे औद्योगिक प्रदर्शन असतं. 1938 मध्ये सुरू झालेली ही नुमाइश जुन्या आणि नव्या शहरातल्या कुटुंबांना एकाच पाळण्यात बसवते. अशी ठिकाणं शहरात फार उरलेली नाहीत.

अमीरपेठ म्हणजे संगणक शिकवण्यांची पेठ. भिंतींवर, खांबांवर, जिन्यांवर क्लासच्या पाट्या. मराठवाड्यातून अभियांत्रिकी करून आलेले पोरगे पहिले सहा महिने बहुधा इथल्या हॉस्टेलातच काढतात. खैरताबादचा गणपती 1954 मध्ये एका फुटाच्या मूर्तीने सुरू झाला आणि दर वर्षी वाढत गेला. आज त्याच्या उंचीचा बोलबाला देशभर आहे.

टेकड्या, हौसिंग बोर्ड आणि हायटेक

बंजारा हिल्सचं नाव तिथल्या बंजारा तांड्यांवरून पडलं. आता तिथे बंगले, मोठी रुग्णालयं आणि दागिन्यांची दालनं आहेत. फिल्मनगरला तेलुगू चित्रसृष्टी. त्याच टेकडीवर 2010 पासून 'लामकान' नावाचं खुलं अंगण आहे. नाटक, मुशायरा, माहितीपट, चर्चा असं काही ना काही तिथे रोज चालू असतं. चहा आणि समोशावर संध्याकाळ काढता येते.

कुकटपल्लीची हौसिंग बोर्ड कॉलनी किनारी आंध्रातून आलेल्या कुटुंबांनी भरलेली. 2 जून 2014 ला तेलंगणा वेगळा झाला तेव्हा 'आपलं कोण, बाहेरचं कोण' हा वाद याच भागांभोवती फिरला. पण माणसं राहिली, संक्रांतीला विजयवाड्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लावून गावी जाऊन परत येत राहिली.

पलीकडे माधापूर आणि गच्चीबावली. 1998 मध्ये सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं तेव्हा आजूबाजूला खडक आणि माळ होता. आज तिथे उंच इमारती, पीजी आणि रात्री उशिरापर्यंत चालू असणारी खानावळ-कॅफे आहेत. इथला मराठी माणूस पुणे-नागपूर-नाशिकहून आलेला. त्याचा गणपती सोसायटीच्या क्लबहाउसात बसतो. कोठीचं ग्रंथालय किंवा शालीबंड्याचा गणपती त्याला बहुधा ठाऊक नसतो.

दख्खनीतलं मराठी

इतके मोहल्ले असूनही शहराला जोडणारी एक बोली आहे, दख्खनी. तिच्यात मराठी कानाला लगेच सापडते. 'नक्को' म्हणजे आपलं 'नको'. 'हौ' म्हणजे 'हो'. शब्दावर जोर द्यायला मराठीतला 'च' तिथे 'इच' होऊन येतो : 'ऐसाइच है', 'कलइच आया'. शतकानुशतकं शेजारी राहिल्याचा हा पुरावा रिक्षावाल्याच्या तोंडी रोज ऐकू येतो. बोलणाऱ्याला मात्र हे मराठी आहे याची कल्पनाही नसते.

आज प्रश्न काय

आता मूळ प्रश्न. कोठी-काचीगुड्याची मराठी कुटुंबं पांगत आहेत. जुने वाडे पाडून अपार्टमेंट झाले, मुलं मियापूर, नल्लागंडला, कोंपल्लीकडे किंवा परदेशी गेली. संस्था मात्र जुन्याच जागी आहेत. संध्याकाळच्या वाहतुकीत गच्चीबावलीहून इसामिया बाजारला पुस्तक बदलायला कोण येणार? पालकांचा ओढा इंग्रजी शाळांकडे गेल्याने मराठी माध्यमाची गरजही आटली. विवेक वर्धिनीसारख्या संस्था आज सगळ्या भाषांच्या मुलांना शिकवतात. हे चांगलंच आहे. पण त्यातून मराठी वाचणारा नवा माणूस तयार होईलच असं नाही.

बारकसचे अरब सैनिक राहिले नाहीत, पण थाळा आणि लुंगी राहिली, कारण कुटुंबं एकत्र राहिली. लालागुड्याचे अँग्लो-इंडियन पांगले आणि त्यांचे नाच आठवणीपुरते उरले. मराठी पट्टा सध्या या दोन्हींच्या मधे आहे. वस्ती पांगली, इमारती आणि कपाटातली पुस्तकं उरली. ती नव्या वस्त्यांपर्यंत पोचली तर टिकतील.

एक गोष्ट मात्र सोपी झाली आहे. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर 'सुलतान बाजार' नावाचं स्टेशन आहे. मेट्रोमुळे बाजार उद्ध्वस्त होईल म्हणून व्यापाऱ्यांनी त्या मार्गाला मोठा विरोध केला होता. मियापूर किंवा कुकटपल्लीहून लाल मार्गाने एमजीबीएसला यायचं आणि तिथे हिरवी गाडी धरायची, पुढचंच स्टेशन सुलतान बाजार. महाराष्ट्र-कर्नाटकातून एसटीने येणाऱ्यालाही एमजीबीएसलाच उतरून तीच गाडी मिळते. पुढच्या खेपेला दवाखान्याचं काम लवकर आटोपलं तर चारमिनारआधी तिथे उतरून मराठी ग्रंथसंग्रहालयाची वाट विचारायला हरकत नाही. उत्तर दख्खनीत मिळेल आणि त्यातला एखादा शब्द तरी आपलाच निघेल.